जागच्या जागी फिरणारी सायकल

सीटखालच्या दांड्यावर, खालच्या टोकापासून थोडं वर, एक आडवी रेघ कोरलेली असते. बहुतेक सायकलींवर तिच्याशेजारी इंग्रजीत ‘मॅक्स’ नाहीतर ‘स्टॉप’ असं लिहिलेलं असतं. दांडा नळीत सरकवला की रेघ आत जाते आणि मग ती कुणाच्या नजरेस पडत नाही. ती दिसायला लागली, तर दांडा नको तितका वर आला आहे असं समजायचं. व्यायामाची नवी सायकल घेतलेलं कुणी भेटलं, की मी त्यांना सगळ्यात आधी ही रेघ दाखवते.

बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन त्या एका दांड्यावर असतं. दांडा नळीत जितका खोल, तितका त्याला आधार. आत दोन बोटंच उरलेला असेल तर पेडल मारताना माणूस डावी-उजवीकडे कलतो तसतसा तो नळीच्या तोंडाशी वाकत राहतो. धातू एका दिवसात तुटत नाही. आधी बारीक तडा जातो, तो वाढत जातो, आणि मग एखाद्या सकाळी सीट माणसासकट मागे जाते. मे 2023 मध्ये अमेरिकेत पेलोटॉन कंपनीने आपल्या सुमारे 22 लाख सायकलींचे सीटचे दांडे बदलून द्यायचं जाहीर केलं. दांडा तुटल्याच्या 35 तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत 13 जणांना इजा झाली होती. एकाचं मनगट मोडलं होतं. बावीस लाखांत पस्तीस हा आकडा लहान वाटेल, पण ज्याचं मनगट मोडलं त्याला तो लहान नाही. सायकल महागडी होती आणि घरात जागच्या जागी उभी होती, तरीही हे झालं.

रस्त्यावरच्या सायकलकडे आपलं लक्ष जातं, कारण ती लक्ष द्यायला भाग पाडते. हवा गेली की ढकलत न्यावी लागते, ब्रेक लागला नाही की काळजात धस्स होतं, चेन उतरली की हात काळे होतात. घरातली सायकल कुठे जात नाही, कुणाला धडकत नाही, तेव्हा तिच्यापासून काय होणार, असं आपण धरून चालतो. तिचं माप चुकलं तर ते गुडघ्यात उतरतं, कंबरेत उतरतं, आणि तेही इतकं हळूहळू की दोष सायकलीला न लागता वयाला लागतो. ‘आता वय झालं, गुडघे बोलणारच’ असं म्हणत सायकल सोडून दिलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांतल्या काहींची सीट नुसती तीन-चार बोटं वर घेतली असती तरी खूप फरक पडला असता.

आमच्या कोथरूडच्या घरात सायकल आली ती आईसाठी. तिच्या डाव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालं आणि काही आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला सायकलवर बसवायचं ठरवलं. माझ्या डोक्यात सायकल म्हणजे बसायचं आणि पेडल मारायचं, एवढंच होतं. त्या मुलीने मात्र आधी सीट जितकी सुरक्षितपणे वर जाईल तितकी वर घेतली. मग म्हणाली, “काकू, आज गोल फिरवायचं नाही. अर्धा चंद्र काढायचा. पाय वर येईल तिथपर्यंत पुढे, थांबायचं, मग मागे.”

आई माझ्याकडे बघत म्हणाली, “अगं, फिरवायचीच नाही तर मला वर चढवलं कशाला?”

त्यामागचं कारण मला नंतर कळलं. पेडलचा एक पूर्ण फेरा घ्यायला गुडघा साधारण 105 ते 110 अंश वाकावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या गुडघ्यात तेवढा वाक सुरुवातीला नसतो. सीट उंच असली की पेडल वर येतं तेव्हा गुडघ्याला कमी वाकावं लागतं, म्हणून आधी उंच सीट आणि अर्धे फेरे. आईचा पाय वर यायचा, एका जागी अडायचा, मांडीचा स्नायू थरथरायचा. तिथे ती मुलगी तिला थांबवायची. जोर करून पुढे रेटायचं नाही, नुसतं थांबायचं आणि परत मागे यायचं. थांबण्याची ती जागा दर खेपेला थोडी पुढे सरकत होती, हे आम्हा दोघींना दिसत होतं. पहिला पूर्ण फेरा आईने उलटा घेतला, म्हणजे पेडल मागे फिरवत. तो सोपा जातो म्हणून बहुतेक फिजिओथेरपिस्ट आधी तोच घ्यायला लावतात. त्या दिवशी आईने मुंबईला मामाला फोन करून सांगितलं, “झाला बरं का रे, गोल झाला!” मग पाय गोल फिरायला लागल्यावर सीट दांड्यावरचं एकेक भोक खाली येऊ लागली. प्रत्येक भोकाबरोबर गुडघ्याला थोडं जास्त वाकायचं काम. एक सीट वरखाली करून इतकं नेमकं औषध देता येतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

उंच सीटचा एक धोकाही त्याच वेळी लक्षात आला. चढताना माणूस सहज पेडलवर पाय देऊन वर जायला बघतो. पेडल फिरतं! अंगाचं वजन पडलं की ते खाली जातं, आणि हात हँडलवर नसतील तर तोल गेलाच. आम्ही रबरी पायांचं एक बुटकं, रुंद स्टूल सायकलशेजारी कायमचं ठेवलं. जवळच्या बाजूचं पेडल आधी सगळ्यात खाली आणायचं, दोन्ही हातांनी हँडल धरायचं, स्टुलावरून सीटवर टेकायचं आणि मगच पाय पेडलमध्ये घालायचा. उतरताना हेच सगळं उलट्या क्रमाने. घाई करायची नाही, दारावरची बेल वाजली तरीसुद्धा. हे शेवटचं आईला सगळ्यात जड गेलं.

आता त्या सायकलवर आम्ही तिघी बसतो. आई पाच फुटांच्या आतली, मी मध्यम, आणि माझी लेक आमच्या दोघींपेक्षा चांगली उंच. सायकल एकच आणि पाय तीन मापांचे. सीटचं माप काढायची सगळ्यात सोपी रीत टाचेची आहे. सीटवर सरळ बसायचं, एक पेडल तळाशी न्यायचं आणि त्यावर चवडा न ठेवता टाच ठेवायची. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. कंबर एका बाजूला कलून टाच पोचत असेल तर सीट उंच आहे, टाच ठेवूनही गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे. मग पाय नेहमीसारखा, चवडा पेडलवर, असा घेतला की तळाशी गुडघ्यात थोडा बाक आपोआप उरतो. सायकलीचं माप बसवणारे तज्ज्ञ हा बाक 25 ते 35 अंश असावा असं सांगतात.

आकड्यांतच हवं असेल तर 1967 साली हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी मांडलेला हिशोब अजून वापरात आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पायांत पुस्तक धरून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याच्या 109 टक्के अंतर तळाशी असलेल्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. पायाची लांबी 72 सेंटिमीटर भरली तर सीट पेडलपासून साधारण साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर. पण हॅम्ली-थॉमस यांचा प्रश्न कमी वेळात जास्तीत जास्त जोर कसा लावता येईल, हा होता. दुखऱ्या गुडघ्यासाठी तो आकडा मी जसाच्या तसा धरणार नाही. टाचेने सुरुवात करावी आणि पुढचं गुडघ्याला विचारावं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या आसपास दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा फार पुढे असते. मागच्या बाजूला ओढ बसत असेल तर सीट उंच आहे. आरशात पाठीमागून पाहिल्यावर कंबर घोड्यावर बसल्यासारखी डुलत असेल तरीही उंच आहे. एका वेळी थोडाच फरक करावा आणि मग दोन-चार दिवस तसंच चालवून बघावं.

सीट पुढे-मागे कुठे असावी यासाठी मी गवंड्याचा ओळंबा वापरते. जाड दोऱ्याला एक नट बांधला तरी चालतो. दोन्ही पेडल जमिनीला समांतर आणायची आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडायचा. नट पेडलच्या मधल्या आसावर आला की बरोबर. या नियमावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि तो शास्त्राचा शेवटचा शब्द नाही, पण सुरुवात करायला चांगला आहे. हँडल मात्र आईसाठी मी नेहमी सीटपेक्षा वर ठेवते. शर्यतीतल्या सायकलवाल्यांसारखं वाकून बसण्यात तिच्या पाठीचा काही फायदा नाही, आणि मनगटावर भार आला की बोटांना मुंग्या येतात. सीट सपाट असावी. पुढचं टोक वर गेलं तर नाजूक जागी दाब येतो आणि बधिरपणा येतो. ही तक्रार बायका बोलून दाखवत नाहीत आणि मुकाट्याने सायकल सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

प्रत्येकीचं भोक कितवं ते स्विचबोर्डशेजारी पट्टीवर लिहून ठेवलं आहे. आपलं भोक लावल्याशिवाय कुणी बसायचं नाही. आणि दांडा पक्का धरणारी खीळ लावताना कान द्यायचा. खीळ भोकात पुरती गेली की ‘खट्’ असा भरीव आवाज येतो. अर्धवट टेकली तरी सीट वर धरून राहते, फसवते, आणि वजन पडल्यावर एकदम खाली येते. म्हणून बसण्याआधी दोन्ही तळहात सीटवर ठेवून अंगाचा भार द्यायचा, मग सीट धरून डावी-उजवीकडे हलवून बघायची. एवढं करायला श्वास दोनदा घेण्याइतका वेळ लागतो.

आता डाव्या पेडलबद्दल. सायकल घरी जोडून द्यायला आलेल्या मुलाने डावं पेडल उजव्यासारखंच फिरवून, जाईना तेव्हा जोर लावून बसवलं होतं. थोड्याच दिवसांत पायाखाली ‘टक्, टक्’ सुरू झालं. आमच्या जुन्या पेठेतले सायकल दुरुस्तीवाले काका सवडीने घरी आले. त्यांनी पंधराचा पान्हा लावून पेडल काढलं आणि क्रँकचं, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचं, भोक उजेडाकडे धरलं. आतले आटे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांपर्यंत चिरडले होते, चमकणारा चुरा बोटाला लागत होता. “ताई, डाव्या पेडलला आटे उलटे असतात. हे त्याला कुणी शिकवलं नाही बहुतेक,” ते म्हणाले. रागावले नाहीत. पेडलच्या आसाच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं, ते त्यांनी मला नखाने दाखवलं.

आटे उलटे का, तर पेडल फिरताना बेअरिंगवरचा जोर सतत जागा बदलतो आणि त्या फिरत्या जोरामुळे आस हळूहळू पेडलच्या उलट दिशेला सरकू बघतो. दोन्हीकडे सरळ आटे ठेवले तर डावं पेडल चालवता चालवता आपसूक सुटेल. राईट बंधू विमान उडवण्याआधी अमेरिकेत डेटनला सायकली बनवून विकत असत. त्यांनी 1900 साली न सुटणाऱ्या पेडलची घोषणा केली होती, ती या उलट्या आट्यांच्या जोरावर. लक्षात ठेवायला काकांनी सांगितलेली खूण कधी चुकत नाही: पेडल कोणत्याही बाजूचं असो, पान्ह्याचं टोक वर धरून हँडलच्या दिशेने ढकललं की पेडल घट्ट होतं, सीटच्या दिशेने ओढलं की सुटतं. आणि पहिले तीन-चार आटे हातानेच गेले पाहिजेत. हाताने जात नसेल तर पान्हा लावायचाच नाही. आमची डावी क्रँक बदलावी लागली. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी दोन्ही पेडल, क्रँकचे मधले नट, सीटचा आणि हँडलचा बोल्ट पान्ह्याने तपासते. आवाज आला तर त्याच दिवशी बघते. सायकल ‘टक्’ म्हणते तेव्हा काहीतरी सैल असतं किंवा झिजत असतं.

पेडल मारायला लागणारा जोर नॉबने कमी-जास्त करण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची देखभाल वेगवेगळी आहे. जुन्या किंवा स्वस्त सायकलीत फेल्टचा नाहीतर चामड्याचा पॅड चाकाला घासतो. तो झिजतो, काळी पूड पडते, चटका बसल्यासारखा वास येतो, आणि मग बदलावा लागतो. ‘आवाज करतेय’ म्हणून त्यावर तेल सोडणं सगळ्यात वाईट. तेल लागलं की पकड गेली, आणि ज्या नॉबवर थांबण्याची भिस्त तोच निकामी झाला. दुसऱ्या पद्धतीत चुंबक चाकाजवळ येतात, पण टेकत नाहीत. धातूचं चाक चुंबकापुढून फिरलं की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते चाकाला मागे धरतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी 1855 मध्ये हे दाखवलं होतं. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1913 मध्ये स्नायूंचं काम मोजण्यासाठी विद्युतचुंबकाचा ब्रेक लावलेली सायकलच तयार केली. आज दिवाणखान्यात आवाज न करता फिरणारी सायकल तिच्याच कुळातली. तिथे घासणारं काही नाही, म्हणून झीजही नाही. बेल्ट असेल तर त्याला तेल लावायचं नाही, चेन असेल तर माहितीपुस्तिकेत दिलेलं तेल थोडं थोडं लावायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं.

जिमसारख्या स्पिन सायकलचं चाक मोठं जड असतं, बऱ्याचदा 18 ते 20 किलोंचं, आणि ते पेडलला थेट जोडलेलं असतं. रस्त्यावरच्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. इथे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतातच. वेगात पाय निसटला तर पेडल नडगीवर येऊन बसतं. अशा सायकलवर नॉब दाबून थांबायला आधी शिकावं आणि मगच वेग घ्यावा. घरात लहान मूल येणार असेल तर आम्ही जोराचा नॉब पूर्ण पिळून ठेवतो आणि सायकल भिंतीकडे तोंड करून लावतो. चेन आणि दात्यांच्या मधे, चाकाच्या फटीत, मुलांची बोटं गेल्याच्या घटना घडल्या आहेत. ऑस्ट्रेलियात तर याचसाठी व्यायामाच्या सायकलींना सक्तीचं सुरक्षा मानक आहे. आच्छादन फुटलं असेल तर सायकल बंद. चिकटपट्टीवर भागवायचं नाही.

ओढणीबद्दलही मी तितकीच कडक आहे. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते, ती मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 123 व्या नियमात तशी सक्ती आहे. घरातल्या सायकलला असा नियम कुणी केलेला नाही, म्हणून तो घरातच करावा लागतो: ओढणी काढून खुंटीला, सैल गाऊन नको, पॅन्टचे पाय दुमडलेले, बुटाच्या नाड्या आत खोचलेल्या. आईला चपलेवर सायकल करायची सवय होती. चप्पल मागे सरकते, तळवा वाकतो, पट्ट्यात पाय नीट बसत नाही. तिला आता मऊ बूट घेतले आहेत आणि ते बूट सायकलशेजारीच असतात. छातीत दुखलं, गरगरलं, धाप नेहमीपेक्षा जास्त लागली तर लगेच थांबायचं आणि हाक मारायची. म्हणून आई सायकलवर असते तेव्हा घरात कुणीतरी असतंच.

घाम हा या यंत्राचा खरा वैरी. त्यातलं मीठ हँडलच्या बोल्टच्या खाचांत, नॉबच्या मुळाशी, सीटच्या नळीत उतरतं आणि आतून गंज धरतं. व्यायाम झाला की ओलसर फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायचं, यात अजिबात सूट नाही. फवारा थेट मीटरच्या पडद्यावर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. मालवणला आमच्या नात्यात एकांची सायकल खिडकीपाशी होती. खारा वारा आणि पावसाळा, दोन्ही मिळून सीटचा दांडा नळीत असा जाम झाला की तो शेवटी कापून काढावा लागला. पुण्यातही आषाढ-श्रावणात हवा ओली असते. दांडा महिन्यातून एकदा पूर्ण बाहेर काढायचा, पुसायचा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा आणि परत बसवायचा. रेघ आणि तडे दोन्ही त्याच वेळी बघून होतात. सायकल बरेच दिवस वापरणार नसाल तर मीटरमधले सेल काढून ठेवावेत. ते गळले की पत्र्या हिरव्या पडतात आणि मग वेग, वेळ काही दिसत नाही.

फरशीचं विसरायला नको. आमच्या जुन्या घरातल्या शहाबादीवर कुठलंच यंत्र सपाट बसायचं नाही. नव्या घरातल्या टाइल्स सपाट आहेत, पण घामाचे चार थेंब पडले की निसरड्या होतात. सायकलखाली जाड रबरी मॅट आहे आणि तिच्या पायांखालचे फिरणारे गोळे सायकल डुगडुगणार नाही असे लावून घेतले आहेत. सायकल डुगडुगत असली की सगळे बोल्ट हळूहळू सैल होतात.

वर्षाची मोठी सफाई आम्ही खंडेनवमीला करतो. पावसाळा सरलेला असतो, तेव्हा गंज कुठे धरला ते बघायला वेळही योग्य. घरातले पान्हे, सुरी-विळी, शिवणयंत्र, दोन्ही स्कूटर यांच्याबरोबर ही सायकलही पूजेला असते. लेक आच्छादन उघडते, मी बेल्टच्या कडा सुटल्यात का ते बघते, आई शेजारी बसून पान्हे पुसते आणि कुठला बोल्ट राहिला ते सांगते. मग हळद-कुंकू, झेंडूचा हार. हार हँडलला घालायचा, चाकाजवळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुणी सायकलवर बसण्याआधी तो काढायचा, कारण फुलं ओवलेला दोरा क्रँकमध्ये गुंडाळला जाऊ शकतो.